विलीनीकरण की एकत्रीकरण?

साताऱ्याच्या एका वाचकाने पुणे–मिरज लोहमार्गावरील लेखात ‘१९०८ साली मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे या कंपन्यांचे विलिनीकरण झाले’ असे लिहिले. तेथे ‘एकत्रीकरण’ हवे, असे त्यांच्या मित्राचे म्हणणे पडले. तेव्हा या दोन शब्दांत नेमका फरक कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते मित्राचे म्हणणे रास्त आहे.

‘विलीन’ हा शब्द ‘ली’ या संस्कृत धातूपासून आला असून विरघळणे, मिसळून दिसेनासे होणे हा त्याचा भाव आहे. मीठ पाण्यात विलीन होते, पाणी मिठात होत नाही. म्हणजे विरणारा एक आणि सामावून घेणारा दुसरा, असे दोन पक्ष या शब्दाला लागतात, आणि दुसऱ्या पक्षाला सप्तमी किंवा ‘मध्ये’ लागते. म्हणून ‘विलीनीकरण’ लिहिण्याआधी ‘कशात?’ असे विचारून पाहावे. आपल्या भागातील संस्थानांच्या बाबतीत उत्तर चटकन मिळते : सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली. (खुद्द सातारा त्याआधी शंभर वर्षे, १८४८ साली, ‘खालसा’ झाले होते, तो शब्द वेगळा आणि त्यातली सक्तीही वेगळी.) बँकांचेही तसेच. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. जुनी नावे पाट्यांवरून गेली.

आता १९०८ च्या घटनेला हाच प्रश्न विचारावा. तेव्हा जी कंपनी उभी राहिली तिचे नाव ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ असे होते. दोन्ही नावे शाबूत राहिली आणि मीठ कोण, पाणी कोण हे नावावरून सांगता येत नाही, म्हणून येथे ‘एकत्रीकरण’ हाच शब्द शोभतो. पुढे १४ एप्रिल १९५१ रोजी हीच रेल्वे, साउथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे यांच्या एकत्रीकरणातून दक्षिण रेल्वे निर्माण झाली. तेथे जुनी नावे गेली खरी, पण तिघींपैकी कोणीही उरलेल्या दोघींना पोटात घेतले नाही.

बार्शी लाईटची गोष्ट मात्र निराळी आहे. अडीच फुटी रुळांची ही रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर सुरू झाली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली. १९५४ च्या आरंभी सरकारने ती विकत घेतली आणि आधीच अस्तित्वात असलेल्या मध्य रेल्वेत ती सामील केली. येथे ‘कशात?’ला सरळ उत्तर आहे, त्यामुळे ‘विलीनीकरण’ निःशंकपणे लिहावे. याउलट १९२५ साली सरकारने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचा कारभार आपल्याकडे घेतला, त्याला दोन्ही शब्द लागू पडत नाहीत. तो निव्वळ ‘ताबा’ होय. तसेच १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा हुबळी विभाग दक्षिण रेल्वेतून तिच्याकडे गेला, त्याला आपल्या कचेऱ्यांतला ‘वर्ग होणे’ हा प्रयोग उत्तम बसतो.

शुद्धलेखनाविषयी थोडे. वाचकांनी ‘विलिनीकरण’ असे लिहिले आहे आणि वर्तमानपत्रांतही ते सर्रास दिसते, पण ‘ली’ मुळातच दीर्घ आहे. ‘नी’चा दीर्घ ईकार, जे तसे नव्हते ते तसे करणे या अर्थाच्या च्वि प्रत्ययामुळे येतो. ‘विलीनीकरण’ हेच शुद्ध. गंमत अशी, की ‘एकत्र’ हे अव्यय असल्यामुळे काटेकोर संस्कृत व्याकरणाला ‘एकत्रीकरण’मधला ईकार मान्य होणार नाही. मराठीने तो कधीच पचवला आहे, तेव्हा मित्राने सुचवलेला शब्द बिनदिक्कत वापरावा. फारच खटकला तर ‘एकीकरण’ आहेच.