युनिफॉर्म बॅगेत

"मॅडम, काम हलकं आहे, लोकांना सांगायची लाज वाटते" हे मला समुपदेशनात इतक्या वेळा ऐकायला मिळतं की म्हटलं एक केस लिहावीच (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

वय 49, भोसरीच्या एका कारखान्यात 22 वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. कंपनी बंद पडली, आठ महिने घरी, मग एका सोसायटीत सिक्युरिटी गार्ड. झोप नाही, छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल, म्हणून बायको घेऊन आली. दादा घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, युनिफॉर्म बॅगेत, आणि पंपाच्या खोलीत कपडे बदलायचे. कॉलेजातल्या मुलीला वाटायचं बाबा ऑफिसात आहेत.

कुठलंही काम हलकं नसतं वगैरे मी काही बोलले नाही, ते त्यांना सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. मी आधी घरातल्या आठ महिन्यांबद्दल विचारलं. म्हणाले, दाढीसुद्धा करावीशी वाटायची नाही. 1930 च्या सुमारास ऑस्ट्रियात मारियेंथाल गावची कापडगिरणी बंद पडली तेव्हा मारी याहोडा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांना हेच दिसलं होतं, हाताशी वेळच वेळ आणि तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालेलं, पुरुषांची चाल मंदावलेली. काम पगाराशिवाय दिवसाला आकार देतं, माणसं देतं, ओळख देतं असं तिनं पुढे मांडलं. दादांना दिवस परत मिळाला होता, ओळख मात्र नाही.

मग म्हटलं, कालची ड्युटी सांगा. तर म्हणाले पंपाचा आवाज बदललाय, बेअरिंग जाणार, मी आठवडाभर सांगतोय पण कोण ऐकतंय, "ए वॉचमन" एवढंच, नाव कुणी विचारलंच नाही. हे बोलताना पहिल्यांदा रडले.

तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी मुलीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मग तुम्ही जेवता कुठं?" पंपाच्या खोलीत, उभ्यानं. बारा तास ड्युटी, बसायला खुर्ची नाही, टॉयलेटला कुलूप. याला न्यूनगंड म्हणायचं नाही हं, हा सरळ अपमान आहे आणि तो समुपदेशनानं जात नाही, हे मी त्यांना स्पष्टच सांगितलं. अर्ज मुलीनं लिहिला, तिन्ही गार्डनी पूर्ण नावानिशी सह्या केल्या. खुर्ची आली. टॉयलेटच्या चावीसाठी दादा अजून दर सोमवारी सेक्रेटरींना भेटतात, घरूनच युनिफॉर्म घालून.