शाळेतच कॉलेजचे क्रेडिट घेण्यापूर्वी

टेक्सासमध्ये नव्याने आलेल्या पालकांना ड्युअल क्रेडिट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा विषय शिकून दोन्हीकडे त्याचे क्रेडिट मिळवण्याची सोय, हे जवळजवळ फुकटात पदरी पडणारे कॉलेज वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. मात्र एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) या हायस्कूलमध्ये द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत गुण कमी पडले तर ते कॉलेजला न कळवण्याची मुभा बहुतेक वेळा असते, पण ड्युअल क्रेडिटमध्ये सोळाव्या वर्षी मिळालेला 'सी' ग्रेड कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमचा राहतो, आणि आपल्या मुलीला पुढे मेडिकलला जायचे असेल तर त्या अर्जातही तो धरला जातो. म्हणून पहिल्या सत्रात एकच विषय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यातील सरकारी विद्यापीठे ४२ क्रेडिटांच्या सामायिक अभ्यासक्रमातले विषय मान्य करतात. खासगी किंवा परराज्यातील कॉलेजांचा भरवसा धरू नये, तिथे आधी विचारून घ्यावे. शिवाय कॉलेजचे प्राध्यापक आपल्याशी सहसा बोलणार नाहीत, कारण तिथल्या नोंदींवर कायद्याने विद्यार्थ्याचा हक्क असतो, मग तो अठरा वर्षांचा नसला तरी. आमच्या मुलीने रसायनशास्त्र सोडण्याची शेवटची तारीख माझ्या भरवशावर ठेवली होती आणि मला ती ठाऊकच नव्हती. सिलॅबस हातात पडताच त्या तारखेवर लाल खूण करायला आपल्या मुलीलाच सांगावे.