बायोडेटात लिहिलंय ते येतं ना?

या महिन्यात पत्रं बहुतेक सगळी इंटरव्ह्यूचीच आली. डिप्लोमावाले, परत नोकरीला लागायचंय अशा बायका, आणि एक वडील पण. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून निवडक घेतेय, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर. नावं काढून टाकलीत.

ताई, मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, लातूर जिल्ह्यातला आहे. एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होतो. आता चाकणला क्वालिटी डिपार्टमेंटसाठी इंटरव्ह्यू आहे. इंग्रजी कच्चं आहे. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" पाठ केलंय पण दोन वाक्यं झाली की अडकतो. काय करू?

अरे, पाठ केलंयस म्हणूनच अडकतोयस. ते जे "आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड पर्सन" असतं ना, ते समोरचा माणूस सकाळपासून दहा जणांकडून ऐकून बसलेला असतो आणि त्यातून त्याला काहीच कळत नाही. त्याला एवढंच बघायचंय की बायोडेटात जे लिहिलंय ते याच्या हाताला येतं का. तुझ्याकडे अप्रेंटिसचं अख्खं वर्ष आहे आणि पत्रात तू त्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, तिथेच खरी गडबड आहे.

तर आधी त्या वर्षाचं लिहून काढ, मराठीत लिही, कुणी बघत नाही. कुठल्या लाईनवर होतास, कुठला पार्ट बनायचा, तो गाडीत कुठे बसतो, त्याची कुठली मापं तू तपासायचास आणि कशाने. व्हर्नियर म्हणालास की पुढचा प्रश्न लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याने मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाचा, येणार हे धरूनच चाल. ०.०२ मिमी हे सगळे सांगतात, पण "ते कसं आलं" विचारलं की बरेच जण गप्प होतात. मेन स्केलचे ४९ मिमी व्हर्नियरच्या ५० भागांत बसवलेत, म्हणजे एक भाग ०.९८ मिमीचा झाला, १ मधून तो वजा केला की ०.०२, बास एवढंच. मायक्रोमीटरचं ०.०१. काही जण तर पार्ट आणि व्हर्नियर थेट हातात देतात आणि मोज म्हणतात, तेव्हा आधी जबडे पुसून, बंद करून झिरो एरर बघितलास तर समोरच्याला निम्मं कळून जातं. मग गो-नो गो गेज, म्हणजे आकडा न सांगता पार्ट मर्यादेत आहे की नाही एवढंच दाखवणारं. भोकाच्या प्लग गेजमधली गो बाजू लहानात लहान चालेल अशा मापाची असते आणि नो गो मोठ्यात मोठ्या, हे उलटं सांगणारी मुलं ढिगाने असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "रिजेक्शन आलं तर काय करशील" हे विचारतातच. "सुपरवायझरला सांगेन" एवढ्यावर थांबू नकोस. पार्ट बाजूला काढून लाल टॅग लावला, लाल बिनमध्ये टाकला, मग शेवटचा ओके पार्ट कुठला होता तिथपर्यंत मागचा सगळा माल परत चेक केला, मशीन थांबवायला सांगितलं, आणि कारण निघालं ते अमुक, असं तुझ्या लाईनवर खरंच घडलेलं एक प्रकरण तयार ठेव. टूल घासलं होतं का, क्लॅम्पिंग ढिलं होतं का, जे असेल ते. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), सेव्हन क्यूसी टूल्स (दर्जा तपासायची सात साधनं), पोका योके (चूक होऊच नये अशी सोय) यांच्या व्याख्या गुगलवर सगळ्यांनाच सापडतात, पण तुझ्या फिक्स्चरमध्ये पार्ट उलटा बसू नये म्हणून पिन कुठे लावली होती हे फक्त तुलाच माहितीय ना.

इंग्रजीचं म्हणशील तर शॉप फ्लोअरच्या लोकांशी होणारा राउंड बहुतेक हिंदी, मराठी, इंग्रजी असा मिसळूनच होतो. सुरुवातीलाच नीट विचार, "सर, टेक्निकल हिंदीत सांगितलं तर चालेल का?" यात लाज कसली. एचआरचा राउंड इंग्रजीत होऊ शकतो, त्यासाठी पाच-सहा साधी छोटी वाक्यं स्वतःची बनव आणि मोठ्याने म्हण, मनातल्या मनात नको. आणि सर्टिफिकेट आहे म्हणून ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स असं सगळं बायोडेटात टाकलं असशील आणि आता येत नसेल तर आजच काढ. जे केलेलं नाही त्याला "हे केलेलं नाही सर" म्हण आणि गप्प बस, ओढून ताणून उत्तर देत बसलास की आधीचं बरोबर आलेलं पण वाया जातं.

बाकी चाकणचं ट्रॅफिक तुला माहीत नसेल. तळेगाव चौकात शिफ्टच्या वेळी गाडी हलत नाही. त्यात कंपनीच्या गेटवर नाव लिहा, आयडी दाखवा, फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावा यात अजून वेळ जातो. जमलं तर आदल्या रात्री पुण्यात कुणाकडे तरी मुक्काम कर, सकाळी लातूरहून उतरून थेट जाऊ नकोस.

मी नाशिकची. बी.कॉम. झालेय, अकाउंट्समध्ये काम करत होते, २०१९ ला बाळंतपणासाठी नोकरी सोडली. आता परत सुरू करायचंय. दोन ठिकाणी गेले, दोन्हीकडे "मूल लहान आहे, कसं जमवणार?" हेच विचारलं. पुढचं काही विचारलंच नाही.

तुमचा राग बरोबर आहे. भरती करताना बाई आहे म्हणून डावलायला १९७६ च्या समान मोबदला कायद्यापासून मनाई आहे, आणि बापाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण त्या खुर्चीत बसून कायदा ऐकवला तर नोकरी मिळत नाही हे पण खरं. म्हणून त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच दोन वाक्यांत विषय संपवा: "मुलासाठी थांबले होते, आता तो शाळेत जातो, घरी सोय केलीय, तुमची ऑफिसची वेळ मला जमते." एवढंच. सासूबाई, पाळणाघर, नवऱ्याची शिफ्ट यातलं काही सांगायची गरज नाही. महिनाअखेरीला उशिरा थांबणं जमणार असेल तरच हो म्हणा, नसेल तर आत्ताच सांगा.

आणि मग गाडी लगेच कामावर आणा, कारण त्यांची खरी शंका ही असते की मधल्या वर्षांतलं हिला काय माहीत असणार. मधे बदललंय पण बरंच. तुम्ही सोडलंत तेव्हा टॅली ईआरपी ९ होतं, आता टॅली प्राइम आहे. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जुळवायला २०२० मध्ये जीएसटीआर-२बी हे विवरण आलं. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, मोठ्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना पण लागलं, म्हणजे नाशिकच्या मध्यम कारखान्यांना सुद्धा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे गेले. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. हे नुसतं वाचून जाऊ नका, ओळखीच्या सीएकडे महिनाभर बसा, पैसे नाही मिळाले तरी चालेल, एका पार्टीचं २बी स्वतः जुळवून बघा. मग "सध्या काय करता?" याला "घरीच आहे" सोडून दुसरं खरं उत्तर तुमच्याकडे असेल. दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नपैकी विक्रीच्या जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि कर भरायच्या ३बी ची २० तारीख तर झोपेत विचारली तरी आली पाहिजे!

मधे एका कंपनीत तीनच महिने काम केलं, वातावरण फार वाईट होतं, सोडलं. बायोडेटात लपवलं तर चालेल का?

पीएफ कापला जात होता का? मग लपणार नाही. तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरवर, जुन्या नोकऱ्या तारखांसकट दिसतात आणि बऱ्याच कंपन्या व्हेरिफिकेशनला तीच सर्व्हिस हिस्टरी मागतात. हातात आलेली ऑफर त्यावरून जाते. पीएफ नसेल तरी मी लिहाच म्हणेन. कारण एका वाक्यात द्या, "जे काम सांगितलं होतं ते नव्हतं" किंवा जे खरं असेल ते, आणि जुन्या साहेबाची उणीदुणी काढू नका. ऐकणारा पण कुणाचातरी साहेबच असतो.

एचआरने सहा लाखांचं पॅकेज सांगितलं, मी लगेच हो म्हणालो. मित्र म्हणतो हातात पन्नास हजार येणार नाहीत. खरंय का?

खरंय. एक हिशोब मांडून दाखवते, कंपनीगणिक आकडे बदलतील. समजा बेसिक निम्मं, म्हणजे वर्षाला ३ लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्याच्या १२ टक्के, ३६,००० झाले, ते सहा लाखातच धरलेले असतात. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, १४,४३०, ती साधारण पाच वर्षं टिकलात तर हातात, तोवर फक्त कागदावर. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, ६०,००० असेल तर ते वर्षाच्या शेवटी, मिळालं तर मिळालं. उरले ४,८९,५७०, महिन्याला ४०,८०० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात साधारण ३७,६००. इन्शुरन्स, कँटीन, बस कापत असतील तर अजून कमी. नवीन रिजीममध्ये या पगारावर आयकर नाही, तेवढंच बरं.

अजून ऑफर लेटर आलं नसेल तर फोन करून विचारा: फिक्स किती, व्हेरिएबल किती, पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० च्या मर्यादेवर. हे विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही. पुढच्या वेळी मात्र आकडा ऐकला की "पगाराचा ब्रेकअप बघून उद्या सांगतो" म्हणायचं.

मुलाचा पहिलाच इंटरव्ह्यू आहे. मी सोबत गेलो तर बरं दिसेल का?

काका, गेटपर्यंत जा. मग समोरच्या टपरीवर चहा घ्या, पेपर वाचा. आत रिसेप्शनला त्याच्या फाईलसकट तुम्ही बसलात की त्याचंच अवघडल्यासारखं होतं. आणि बाहेर आल्याआल्या "काय विचारलं?" नको, आधी खायला घाला.

नोकरी पक्की झालीय म्हणून मेल आला, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून २,५०० भरायला सांगतायत, नंतर परत देणार म्हणे. इंटरव्ह्यू व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटनेच झाला. भरू का?

नाही. खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही, डिपॉझिट म्हणा, ट्रेनिंग म्हणा की गेटपास म्हणा. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय बघा, कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे स्वतः फोन करा. आणि ही पत्रिका हातात पडेपर्यंत भरून झाले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन लावा, बँकेलाही कळवा, त्यात जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळायची शक्यता कमी.