परदेशी कंपन्या अमेरिकेत व्हॅन आणि पिकअप थेट आयात करून का विकत नाहीत?

मुख्य अडथळा 1964 पासूनचा 25 टक्के आयातकर, ज्याला तिथे ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. युरोपने अमेरिकी कोंबडीवर कर लावला, त्याचा हा वचपा. प्रवासी गाडीवर मात्र बराच काळ अडीच टक्केच होता, म्हणून सगळी धडपड गाडीचा वर्ग बदलण्याची.

मर्सिडीजने स्प्रिंटरसाठी अजब वाट काढली. जर्मनीत पूर्ण तयार झालेल्या व्हॅनमधून इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल काढायचे, बॉडी आणि सुटे भाग वेगवेगळे पाठवायचे आणि दक्षिण कॅरोलायनात पुन्हा जोडायचे. जोडकाम दोनदा, तरी कर भरण्यापेक्षा स्वस्त! 2018 मध्ये मात्र तिथेच पूर्ण कारखाना सुरू केला.

पळवाट अंगाशीही येते. फोर्ड तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट मागच्या सीट आणि खिडक्यांसह, प्रवासी गाडी म्हणून आणायची. बंदरातून बाहेर पडण्याआधी सीट काढून काचांच्या जागी पत्रा बसवायची. 2019 मध्ये कोर्टाने ती मालवाहूच ठरवली. 2024 मध्ये 36.5 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटलं.

दुसरी परीक्षा उत्सर्जनाची, आणि ती हलक्यात घेऊ नये. प्रत्येक इंजिन-कुटुंबाला (सारख्या रचनेच्या इंजिनांच्या गटाला) मॉडेल वर्षागणिक ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, प्रमाणपत्र लागतं, कॅलिफोर्नियाचं वेगळं. हिनो या जपानी ट्रक कंपनीचे चाचणीचे आकडेच खोटे निघाले आणि ट्रकमध्ये कमिन्स या अमेरिकी कंपनीची इंजिनं बसवायची वेळ आली. महिंद्राचा डिझेल पिकअप तर वितरक नेमूनही बाजारात पोचला नाही.

म्हणून नव्याने जाणाऱ्याने आधी स्थानिक जुळणी आणि प्रमाणित इंजिन पक्कं करावं, डीलर त्यानंतर. सुट्या भागांचा साठा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. माल पोचवणाऱ्याची गाडी आठवडाभर उभी राहिली, तर तो पुढची गाडी दुसऱ्याचीच घेतो.