वाचकांचे प्रश्न : हवा गेली, तर झडप कोठे थांबेल?

प्रश्न : आमच्या बॉयलरच्या इंधनवायूच्या वाहिनीवर डबल ॲक्टिंग न्यूमॅटिक ॲक्च्युएटरचा (उघडणे व बंद करणे दोन्ही हवेच्या दाबाने करणाऱ्या यंत्रणेचा) बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतला भोक असलेला गोळा फिरवून उघडणारी झडप, आहे. वीज गेली की तो बंद होतो, म्हणून आम्ही त्याला फेल-सेफ, म्हणजे बिघाड झाल्यास आपोआप सुरक्षित स्थितीत जाणारा, समजत होतो. अलीकडे कॉम्प्रेसर बंद पडून हवेचा दाब उतरला, तेव्हा मात्र तो उघडाच राहिला. असे का व्हावे?

उत्तर : वीज जाणे आणि हवा जाणे या दोन स्वतंत्र घटना आहेत आणि आपल्या रचनेत फक्त पहिलीचा विचार झालेला दिसतो. वीज गेली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह (हवेची वाट बदलणारी विजेवरची छोटी झडप) आपल्या मूळ स्थितीत येतो आणि हवा ॲक्च्युएटरच्या ‘बंद’ बाजूला वळवतो. परंतु वळवायला हवाच उरली नसेल, तर पिस्टनला ढकलणारे काही राहत नाही आणि बॉल व्हॉल्व्ह घर्षणामुळे जिथल्या तिथे राहतो. इंधनाच्या वाहिनीवर ही स्थिती धोकादायक आहे, आणि ती तशीच ठेवून बॉयलर चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्प्रिंग रिटर्न ॲक्च्युएटर; त्यात हवा गेली की स्प्रिंगच व्हॉल्व्ह बंद करते. तो निवडताना एक गोष्ट हमखास निसटते : स्प्रिंग जसजशी मोकळी होते तसतसा तिचा जोर घटतो, म्हणजे बॉल सीटवर (तो टेकतो त्या कड्यावर) घट्ट बसण्याच्या शेवटच्या टप्प्यावरच तो सर्वांत कमी असतो. त्यामुळे वाहिनीतला दाब जास्तीत जास्त असताना या टोकाला मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरेसा आहे का, हे तपासावे. व्हॉल्व्ह फार मोठा असेल, तर डबल ॲक्टिंग ॲक्च्युएटरला हवेची राखीव टाकी जोडतात. मात्र टाकीच्या आधीचा, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल, तर मुख्य वाहिनीचा दाब उतरताच टाकीही रिकामी होते. पुरवठा बंद करून टाकीचा गेज किती वेळ टिकतो, हे अधूनमधून पाहावे. एक्झॉस्ट पोर्टला (हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राला) जाळी बसवावी, कारण तेथे कीटकांनी मातीचे घर केले किंवा रंगाचा थर बसला, तर आत कोंडलेली हवा स्प्रिंगलाही अडवते.

पुरवठा परत आल्यावर व्हॉल्व्ह आपोआप उघडता कामा नये. मधल्या काळात ज्योत विझलेली असते आणि तापलेल्या भट्टीत वायू साचला, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून सोलेनॉइड हाताने रीसेट करावा लागणारा घ्यावा.

प्रश्न : मग सगळेच व्हॉल्व्ह ‘हवा गेल्यास बंद’ असे घ्यावेत का?

उत्तर : नाही. उष्णता निर्माण करणाऱ्या अभिक्रियेच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हवा गेल्यास उघडला पाहिजे. सुरक्षित स्थिती प्रक्रियेवरून ठरते, म्हणून ती प्रत्येक व्हॉल्व्हसाठी वेगळी लिहून ठेवावी आणि प्लँट थांबलेला असताना वीज व हवा स्वतंत्रपणे तोडून पडताळावी.