पहिलीत आल्या आल्या मुळाक्षरं गिरवायला द्यायची का?

तुम्ही विचारलंय की नव्या अभ्यासक्रमात पहिलीच्या मुलांना जूनपासूनच पाटीवर मुळाक्षरं गिरवायला बसवायचं का. नाही, घाई करू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वय ३ ते ८, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, हा एकच पायाभूत स्तर आहे. पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने 'विद्या प्रवेश'साठी, खेळातून तयारीसाठी असतात.

मी सिंधुदुर्गात पहिली-दुसरी शिकवते. वर्गात एका सुपात शिंपल्या आणि रातांब्याच्या सुकवलेल्या बिया ठेवते. गेल्या जूनमध्ये एक मुलगी शिंपल्या लहानापासून मोठीपर्यंत लावत होती. मधली एक काही केल्या बसेना. तिने ती उचलून शेजारच्या दोन शिंपल्यांना टेकवून पाहिली, मग नेमकी जागी सरकवली. क्रम लावणं ती तिथेच शिकली, अंक नंतर आले.

आणि भाषेचं. मूल मालवणीत "माका व्हया" म्हणालं की लगेच "मला हवं म्हण" असं टोकू नका. पायाभूत स्तराचा नवा अभ्यासक्रम आराखडाही घरच्या भाषेपासूनच सुरुवात करायला सांगतो. टोकलेलं मूल गप्प बसतं, मग आठवडे जातात त्याला पुन्हा बोलतं करायला.

शाळा सुरू व्हायच्या आधीच अंगणवाडीताईंना भेटा. कोण बुजतं, कोणाला गाणी आवडतात, सगळं त्यांना पाठ असतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या तक्त्यांइतकाच वेळ या गप्पांना मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.