आता आम्ही कोणाला सांगायचं?

प्रश्न : एका मानवी हक्क संघटनेच्या कार्यकारी मंडळावर मी सहा वर्षं आहे. आमचे संस्थापक-अध्यक्ष 19 वर्षांनी पद सोडताहेत आणि मंडळानं एकमतानं माझी निवड केली आहे. त्याच बैठकीत त्यांना ‘आजीव मार्गदर्शक’ म्हणून प्रत्येक बैठकीला बोलवायचं, असाही ठराव झाला. मी तेव्हा गप्प राहिले. चार दिवसांनी एका आईचा फोन आला. त्यांचा मुलगा कोठडीत असताना मरण पावला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “सर जाणार म्हणतात. आता आम्ही कोणाला सांगायचं?” मला उत्तर सुचलं नाही. पदभार घेताना नेमकं काय बघू?

उत्तर : ठरावाबद्दल नंतर बोलू. आधी तो फोन.

अशाच एका मंडळावर मी आधी चिटणीस आणि मग अध्यक्ष म्हणून 11 वर्षं होते. मी चिटणीस असताना आमचे अध्यक्ष बदलले. आम्ही वर्तमानपत्रांना निवेदन दिलं, देणगीदारांना पत्रं धाडली, इतर संघटनांना कळवलं. ज्यांच्या फायली आमच्या कपाटात होत्या, त्यांना मात्र कोणीच कळवलं नाही. एका बाईंना बातमी पेपरातून समजली. आपल्यावर झालेल्या छळाची हकिगत त्यांनी तीन भेटींत, थांबत थांबत, जुन्या अध्यक्षांपाशी सांगितली होती. त्या कार्यालयात आल्या, फाईल मागितली आणि घेऊन गेल्या. “मी संस्थेला नव्हतं सांगितलं, त्यांना सांगितलं होतं,” म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हे कागद कोण वाचणार, कुठे राहणार, हा माणूस पदावरून गेल्यावर कोणाच्या हाती जाणार, हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून जुन्या अध्यक्षांबरोबर बसा आणि चालू प्रकरणांची यादी करा. प्रत्येकाला दोघांनी मिळून भेटा. निदान फोनवर तरी दोघांनी बोला. दोनच गोष्टी विचारा : तुमची फाईल आमच्याकडे राहू द्यायची का, आणि यापुढे तुम्ही कोणाशी बोलणार? दुसऱ्या प्रश्नाला तुमचं नाव येऊ देऊ नका. अध्यक्ष येतात आणि जातात, आणि प्रकरणं चालवणं हे मंडळाचं काम नाहीच. ते कार्यकर्त्यांचं आणि संचालकांचं. ज्या कार्यकर्तीचा फोन ती आई उचलेल, जिच्यापाशी तिला रडता येईल, तिचं नाव यावं.

बँकेच्या सह्या, पासवर्ड, भाडेकरार, हे सगळं कोणीही आठवणीनं करून घेतं. राहून जातात ते तोंडी दिलेले शब्द. ‘तुमचं नाव अहवालात येणार नाही.’ ‘वकिलाचं आम्ही बघू.’ ‘तुमच्या भावाला हे कळणार नाही.’ हे कुठल्याच इतिवृत्तात नसतं. 19 वर्षं एका माणसाच्या डोक्यात साठलेलं असतं. मी पद सोडलं तेव्हा माझ्या जागी आलेल्या बाईंबरोबर तीन दुपारी बसले. तिसऱ्या दुपारी मला अचानक आठवलं, की एका साक्षीदाराला त्याच्या गावाचं नाव न छापण्याचा शब्द मी दिला होता. छपाईला निघालेल्या अहवालात ते नाव होतं. आम्ही दोघी तशाच उठून छापखान्यात फोन करायला धावलो. त्या दुपारी बसलो नसतो, तर त्या माणसाचं काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

आता तो ‘आजीव मार्गदर्शक’. तुम्ही गप्प राहिलात याचं वाईट वाटून घेऊ नका. निरोपाच्या बैठकीत नाही म्हणणं कोणालाच जमत नाही. पण पुढच्या बैठकीत तो ठराव फेरविचारासाठी आणा. आणण्याआधी त्यांना स्वतः जाऊन सांगा. त्यांना ते दुसऱ्याकडून कळता कामा नये.

अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या जगभर काम करणाऱ्या मानवी हक्क संघटनेचं उदाहरण मी मंडळातल्या प्रत्येक नव्या सदस्याला सांगत असे. पीटर बेनेन्सन या लंडनच्या वकिलानं 1961 मध्ये वर्तमानपत्रातल्या एका लेखातून ही चळवळ उभी केली. 1966 मध्ये, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या एडनमधल्या कैद्यांच्या छळाचा अहवाल समोर आला. सरकारच्या दबावाखाली आपलेच सहकारी तो दडपताहेत, असं बेनेन्सनना वाटू लागलं. पुढे संशय इतका वाढला, की ब्रिटिश सरकारचे गुप्तहेर अॅम्नेस्टीत शिरले आहेत असं ते म्हणू लागले. त्याच सुमारास उघड झालं, की ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) कैद्यांच्या मदतीसाठी ब्रिटिश सरकारचे पैसे संघटनेमार्फत गुपचूप पोहोचवले गेले होते, आणि बेनेन्सनना ते ठाऊक होतं. एडनबद्दलची त्यांची तळमळ रास्तच होती. पण वाद खुद्द संस्थापकाचाच असला, तर निवाडा कोणी करायचा? मार्च 1967 मध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोर इथल्या बैठकीत त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला, आणि त्याबरोबर अध्यक्षपदच रद्द करण्यात आलं. त्यांच्यासाठी शोभेची खुर्ची ठेवली नाही, की दुसरा बेनेन्सन शोधत बसले नाहीत. एरिक बेकर यांनी मधला काळ सांभाळला, 1968 मध्ये मार्टिन एनल्स सरचिटणीस झाले आणि 12 वर्षं राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1977 मध्ये, संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं. पुढे बेनेन्सन परत आले, ते याच संघटनेसाठी काम करायला.

तुमच्या सरांनाही तशी वाट मोकळी ठेवा. एक वर्ष त्यांनी बैठकांना येऊ नये. काही विचारायचं असेल तेव्हा तुम्ही त्यांच्या घरी जा. वर्षानंतर त्यांना एखाद्या प्रकरणावर काम करायचं असेल, तर साधा सदस्य म्हणून करावं. बैठकीत ते बसलेले असताना तुमचे सहकारी मत देण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतील. मी हे पाहिलं आहे. जुने अध्यक्ष तोंडून चकार शब्द काढत नव्हते, तरी दीड वर्ष आमचा एकही अवघड निर्णय झाला नाही. आणि आता तुमच्या घटनेत मुदत लिहून घ्या, म्हणजे तुमच्यानंतरच्या बाईला हे पत्र लिहावं लागणार नाही. तीन वर्षं, फार तर दोनदा.

एक मोह तुम्हालाही होईल : ‘त्यांची’ माणसं ओळखून बाजूला करण्याचा. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियननं 1940 मध्ये एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांना मंडळातून काढलं. त्या 1920 च्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. मुख्य कारण हे, की त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होत्या. कोणाच्याही विचारांसाठी त्याला शिक्षा होऊ नये म्हणून लढणारी संघटना, आणि तिनंच हे केलं. तो निर्णय 1976 मध्ये मागे घेतला गेला. फ्लिन 1964 मध्येच वारल्या होत्या. एखाद्या सदस्याला काढायची वेळ आलीच, तर त्यानं काय केलं ते लेखी मांडा आणि त्याचं उत्तर ऐकून घ्या. तो कोणाच्या जवळचा आहे, हा मुद्दा बैठकीत येऊ देऊ नका.

आणि त्या आईला आजच उलटा फोन करा. उत्तर तयार नसलं तरी करा. ‘तुमची फाईल इथेच आहे, मी ती वाचली आहे’, एवढं सांगता येईल इतपत आधी वाचून घ्या.

प्रश्न : मी अशाच एका संघटनेचा माजी अध्यक्ष आहे. नव्या मंडळाचं धोरण मला पटत नाही. मी एक लेख लिहिला आहे. त्यात आमच्या काळातल्या दोन कुटुंबांचे दाखले दिले आहेत. जाहीरपणे बोलावं का?

उत्तर : बोलावं. मानवी हक्कांचं काम करणाऱ्या संघटनेला टीकेपासून वाचवायचं नसतं. ह्यूमन राइट्स वॉचचे संस्थापक रॉबर्ट बर्नस्टीन 1998 पर्यंत तिचे अध्यक्ष होते. ऑक्टोबर 2009 मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्या नावानं लिहिलं, की मध्यपूर्वेतल्या कामात संघटनेचं भान सुटलं आहे; इस्रायलसारख्या लोकशाही देशाला हुकूमशाही राजवटींच्याच मापानं मोजू नये, असा त्यांचा रोख होता. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. लोकशाही देशांना वेगळ्या मापानं मोजलं, की या कामाचा कणाच जातो. पण त्यांनी ते उघडपणे मांडलं आणि संघटनेनं उघडपणे खोडून काढलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमचा लेख तुमच्या मताचा आहे, ते दोन दाखले मात्र तुमचे नाहीत. ती कुटुंबं अध्यक्षांशी बोलली होती, लेखकाशी नाही. नावं बदलून भागणार नाही. शेजारीपाजारी तपशिलांवरून ओळखतात. ते दोन परिच्छेद काढा आणि उरलेला लेख छापायला द्या. आधी एक प्रत मंडळाला पाठवा.